सात दिवसांचे गणित : गर्भनिरोधक गोळी कशी घ्यावी

गोळ्या चालू असतानाही दिवस गेले, अशी एखादी तरी हकिकत आपल्या कानावर आलेली असते. मग ‘गोळ्यांचा काही भरवसा नाही’ असे मत होऊन जाते. आकडे मात्र वेगळे सांगतात. वर्षभर बिनचूक गोळी घेणाऱ्या हजार स्त्रियांमध्ये साधारण तिघींना दिवस जातात. रोजच्या धबडग्यात, कधी विसरत कधी आठवत घेणाऱ्यांमध्ये मात्र हेच प्रमाण हजारी सत्तरच्या आसपास जाते. औषध दोन्हीकडे तेच असते. फरक पडतो तो घेण्याच्या पद्धतीमुळे.

आणि ही पद्धत कोणी बसून समजावून देत नाही. पाकीट हातात पडते, ‘रोज एक घ्यायची’ एवढेच सांगितले जाते. एक गोळी राहिली तर काय, उलटी झाली तर काय, उपासाच्या दिवशी काय, हे विचारायला संकोच वाटतो. ते सगळे आपण इथे क्रमाने पाहू. पुढचे बहुतेक नियम एकाच गोष्टीतून निघतात, ती आधीच लक्षात ठेवावी : संप्रेरकाच्या गोळ्यांमध्ये सात दिवसांपेक्षा जास्त खंड पडू द्यायचा नाही.

गोळी नेमके काय करते

संप्रेरक म्हणजे हार्मोन. शरीरातल्या ग्रंथी रक्तात सोडतात तो निरोप. आपल्या अंडाशयातून दर महिन्याला एक स्त्रीबीज बाहेर पडते, तेही अशाच निरोपांवरून. गोळीत दोन संप्रेरके असतात. ती रोज ठरावीक प्रमाणात मिळत राहिली, की स्त्रीबीज पक्व होऊन बाहेर पडण्याचे थांबते. शिवाय गर्भाशयाच्या तोंडाशी असलेला स्राव दाट होतो आणि पुरुषबीजाला आत शिरणे अवघड जाते.

अंडाशय असे शांत व्हायला सलग सात दिवस गोळ्या लागतात. शांत झाल्यावर ते सात दिवस गोळीशिवायही तसेच राहते. त्यापुढे मात्र ते जागे होऊ लागते. सातचा आकडा आला तो इथून.

पाकीट हातात घेऊन पाहू

सरकारी दवाखान्यात मोफत मिळते ते ‘माला-एन’. औषधाच्या दुकानात स्वस्तात मिळते ते ‘माला-डी’. दोन्हींत औषध तेच आहे : लेव्होनॉरजेस्ट्रेल ०.१५ मिलिग्रॅम आणि इथिनिल इस्ट्रॅडिऑल ०.०३ मिलिग्रॅम. गावात आशाताईंकडेही या गोळ्या मिळतात.

पाकिटात २८ गोळ्या असतात. त्यांपैकी २१ गोळ्या संप्रेरकाच्या. उरलेल्या सात वेगळ्या रंगाच्या, त्या लोहाच्या. गर्भ राहू न देण्याशी या सात गोळ्यांचा संबंध नाही. त्या दोन कामांसाठी असतात. एक, रोज गोळी घेण्याची सवय मोडत नाही. दोन, रक्त कमी असेल तर लोह मिळते. याच सात दिवसांत पाळी येते.

काही खासगी कंपन्यांच्या पाकिटात फक्त २१ गोळ्या असतात. ते संपल्यावर सात दिवस काहीच घ्यायचे नसते आणि आठव्या दिवशी नवे पाकीट सुरू करायचे असते. काहींत २४ संप्रेरकाच्या आणि चार बिनऔषधाच्या असतात. म्हणून आपले पाकीट कोणते, हे पहिल्याच दिवशी पाहून घ्यावे. कंपनी बदलली तर पुन्हा पाहावे.

सुरू करण्याआधी

एकदा डॉक्टरांकडे किंवा आरोग्य केंद्रात जाऊन रक्तदाब मोजून घ्यावा. तो १४०/९० किंवा त्याहून जास्त असेल, तर ही गोळी आपल्यासाठी नाही.

वय ३५ किंवा त्याहून जास्त आणि विडी-सिगारेटची सवय, पायात किंवा फुप्फुसात रक्ताची गुठळी झाल्याचा इतिहास, हृदयविकार, पक्षाघात, स्तनाचा कर्करोग, चालू असलेली कावीळ किंवा यकृताचा मोठा आजार, डोळ्यांपुढे प्रकाशाच्या रेषा दिसून मग उठणारी अर्धशिशी, यांतले काही असेल तर ते स्पष्ट सांगावे. या सगळ्यांत ही गोळी टाळतात. मधुमेह जुना असेल तरी डॉक्टरांना विचारूनच ठरवावे.

अंगावर दूध पाजत असाल, तर बाळ सहा महिन्यांचे होईपर्यंत ही गोळी घेत नाहीत. त्या काळात चालणारी दुसरी साधने आहेत. त्यांतल्या ‘छाया’ गोळीबद्दल पुढे पाहू.

पहिली गोळी कोणत्या दिवशी

पाळी सुरू झाल्याच्या पहिल्या दिवसापासून पाचव्या दिवसापर्यंत कधीही पहिली गोळी घेता येते. असे केले तर त्याच दिवसापासून संरक्षण मिळते. जिथून गोळ्या घेतल्या तिथे ठरावीक दिवस सांगितला असेल, तर तो पाळावा.

पाचवा दिवस उलटून गेला असेल आणि दिवस गेलेले नाहीत याची खात्री असेल, तर तेव्हाही सुरू करता येते. मात्र पहिले सात दिवस सोबत निरोध वापरावा. अंडाशय शांत व्हायला तेवढे दिवस लागतात, हे आपण वर पाहिलेच.

गर्भपातानंतर त्याच दिवशी किंवा सात दिवसांच्या आत सुरू करता येते. पाळीची वाट पाहत बसू नये, कारण ती येण्याआधीच पुन्हा दिवस जाऊ शकतात.

वार लक्षात ठेवावा

समजा, पहिली गोळी सोमवारी घेतली. २१ गोळ्या तीन आठवड्यांनी रविवारी संपतील. सोमवार ते रविवार लोहाच्या सात गोळ्या. त्यापुढच्या सोमवारी नवे पाकीट. म्हणजे आपले पाकीट कायम सोमवारीच सुरू होणार. हा वार पाकिटाच्या मागे लिहून ठेवावा.

नव्या पाकिटाची पहिली गोळी पाळी थांबली की नाही हे पाहून घ्यायची नसते. पाळी चालू असली तरी सोमवार म्हणजे सोमवार. ‘अजून अंगावर जातंय, थांबल्यावर सुरू करते’ म्हणून दोन-तीन दिवस गेले, की सातचे नऊ-दहा होतात. सर्वाधिक गफलत इथेच होते.

यावर सोपा उपाय म्हणजे पुढचे पाकीट आधीच घरात आणून ठेवणे. लोहाची पहिली गोळी घेतली, की दुसरे पाकीट हाताशी आहे ना, ते पाहावे.

रोजची वेळ

दिवसातली कोणतीही वेळ चालते, पण ती रोज एकच असावी. जी गोष्ट आपण रोज न चुकता करतो, तिला गोळी जोडून द्यावी : रात्री दात घासणे, दिवे मालवण्याआधी दाराला कडी लावणे. मळमळ होत असेल तर रात्री जेवणानंतर घेतलेली बरी, झोपेत त्रास निभावतो. मोबाइलवर गजर लावावा आणि गजर झाल्या झाल्या गोळी घ्यावी. ‘हातातले काम संपवून घेते’ म्हटले, की राहून जाते.

नवरा कामासाठी बाहेरगावी असतो, म्हणून काहीजणी तो घरी आला की गोळ्या सुरू करतात आणि गेला की बंद करतात. काहीजणी संबंध आला त्याच रात्री गोळी घेतात. दोन्ही प्रकारांत संरक्षण मिळत नाही. ही गोळी रोजची आहे, नवरा घरी असो वा नसो. रोज घेणे नको असेल, तर त्याच्या येण्यापुरता निरोध हे जास्त भरवशाचे साधन आहे.

गोळी चुकली तर

घाबरून पाकीट टाकून देऊ नये. आधी नेमक्या किती आणि कोणत्या गोळ्या राहिल्या, ते पाकिटावर मोजावे.

लोहाच्या गोळ्या राहिल्या असतील तर काळजी नाही. राहिलेल्या फेकून द्याव्या आणि नवे पाकीट ठरल्या वारी सुरू करावे.

संप्रेरकाची एकच गोळी राहिली असेल, तर आठवेल तेव्हा लगेच घ्यावी आणि पुढची नेहमीच्या वेळेला. त्यात एका दिवशी दोन गोळ्या पोटात गेल्या तरी चालते. थोडे मळमळेल, एवढेच. वेगळे संरक्षण लागत नाही.

संप्रेरकाच्या दोन किंवा अधिक गोळ्या लागोपाठ राहिल्या, तर त्यांतली शेवटची राहिलेली एकच गोळी आठवताच घ्यावी. आधीच्या राहिलेल्या सोडून द्याव्या, सगळ्या एकदम घेऊ नयेत. पुढच्या गोळ्या रोजच्या वेळेला चालू ठेवाव्या आणि सलग सात दिवस संप्रेरकाच्या गोळ्या पोटात जाईपर्यंत निरोध वापरावा. याशिवाय कोणत्या आठवड्यातल्या गोळ्या चुकल्या, हेही पाहावे लागते.

पहिल्या आठवड्यातल्या चुकल्या, तर ती सर्वांत जोखमीची चूक. लोहाच्या सात दिवसांना हे चुकलेले दिवस जोडले जातात. आपल्या उदाहरणात सोमवारऐवजी बुधवारी पाकीट सुरू केले, तर खंड नऊ दिवसांचा झाला. त्या आधीच्या पाच दिवसांत संबंध आला असेल, तर तातडीच्या गोळीबद्दल लगेच डॉक्टरांना किंवा आशाताईंना विचारावे.

दुसऱ्या आठवड्यातल्या चुकल्या आणि त्याआधीच्या सात गोळ्या नीट घेतलेल्या असल्या, तर धोका कमी असतो. पुढचे सात दिवस निरोध वापरला की पुरे.

तिसऱ्या आठवड्यातल्या चुकल्या, तर पुढे लोहाचे सात दिवस वाट पाहत असतात. शुक्रवार, शनिवार, रविवारच्या गोळ्या राहिल्या आणि पुढे आठवडाभर लोहाच्या घेतल्या, तर खंड दहा दिवसांचा होतो. म्हणून या वेळी संप्रेरकाच्या उरलेल्या गोळ्या संपवाव्या, लोहाच्या सातही टाकून द्याव्या आणि दुसऱ्या दिवशी थेट नवे पाकीट सुरू करावे. त्या महिन्यात पाळी येणार नाही किंवा थोडे डाग दिसतील. त्याने अपाय होत नाही.

तातडीची गोळी वेगळी

संबंधानंतर ७२ तासांच्या आत घ्यायची तातडीची गोळी ही अडचणीपुरती असते. जितकी लवकर घ्यावी तितका तिचा उपयोग जास्त. रोजच्या गोळीच्या बदली दर महिन्याला ती घेत राहणे भरवशाचे नाही आणि पाळीचाही गोंधळ उडतो. ती घेतल्यावर रोजचे पाकीट मात्र सोडू नये.

उलटी, जुलाब आणि दुसरी औषधे

गोळी घेतल्यावर दोन-तीन तासांच्या आत उलटी झाली, तर ती गोळी अंगी लागली नाही असे समजावे आणि दुसरी घ्यावी. ही दुसरी गोळी जादाच्या पाकिटातून घ्यावी, म्हणजे चालू पाकिटाचा हिशेब हलत नाही. उलट्या किंवा जोरदार जुलाब दिवसभराहून जास्त चालले, तर गोळी घेत राहावी, पण ते दिवस चुकलेल्या गोळ्यांचे धरून वरचेच नियम लावावे.

काही औषधे गोळीचा परिणाम घटवतात. आपल्याकडे सर्वांत महत्त्वाचे म्हणजे क्षयरोगावरचे रिफाम्पिसिन. टीबीचा कोर्स सुरू झाला, तर या गोळ्यांवर विसंबू नये. कोर्स संपल्यावरही चार आठवडे रिफाम्पिसिनचा परिणाम उरतो. फिट्सवरच्या फेनिटोइन, कार्बामाझेपिन, फेनोबार्बिटोन या औषधांचेही तसेच. एचआयव्हीवरची काही औषधेही त्यात येतात. म्हणून कोणत्याही दुखण्यासाठी दवाखान्यात गेल्यावर ‘माझ्या गर्भनिरोधक गोळ्या चालू आहेत’ हे सांगायला लाजू नये. सर्दी-खोकल्याला किंवा जखमेला देतात त्या अमॉक्सिसिलिनसारख्या नेहमीच्या अँटिबायोटिकने मात्र गोळीचे काही बिघडत नाही.

उपास, सण आणि माहेर

एकादशी असो, नवरात्र असो, गोळी सोडायची नाही. ती औषध आहे. हरतालिकेचा निर्जळी उपास असेल आणि त्या वेळेला गोळीची वेळ येत असेल, तर गोळीपुरते घोटभर पाणी घ्यावे.

घरात गणपती आहे, पूजा आहे, वारीला जायचे आहे, म्हणून पाळी पुढे ढकलण्याची गोळी दुकानातून आणली जाते. ती बहुधा नॉरइथिस्टेरॉन पाच मिलिग्रॅमची असते. ती गर्भनिरोधक म्हणून धरू नये. ती घेताना रोजचे पाकीट थांबवले, तर सगळाच हिशेब मोडतो. माला-एन किंवा माला-डी नियमित चालू असेल, तर त्या वेगळ्या गोळीची गरजच नाही. २१ गोळ्या संपल्यावर लोहाच्या बाजूला ठेवून दुसऱ्या दिवशी थेट नवे पाकीट सुरू केले, की पाळी पुढे जाते आणि संरक्षणही अखंड राहते.

माहेरी किंवा लग्नकार्याला जाताना पाकीट मागे राहते, कारण ते कपाटात कुठेतरी दडवलेले असते. बॅग भरताना पहिल्यांदा ते घ्यावे, आणि आठवड्यापेक्षा जास्त मुक्काम असेल तर पुढचेही.

पहिल्या तीन महिन्यांतला त्रास

मळमळ, थोडी डोकेदुखी, छाती जड होणे, पाळी नसताना कपड्याला डाग लागणे, हे सुरुवातीला अनेकींना होते. बहुतेकींचे तीन महिन्यांत थांबते. डाग दिसले म्हणून मध्येच गोळी बंद केली, की नेमका खंड पडतो. गोळी चालू ठेवावी आणि त्रास कमी होत नसेल तर डॉक्टरांना भेटावे. दुसऱ्या प्रकारची गोळी सोसू शकते.

काही लक्षणांवर मात्र वाट पाहायची नाही : एका पोटरीत जोराची कळ आणि सूज, छातीत दुखणे किंवा धाप, पोटात असह्य दुखणे, कधी नव्हे असे डोके दुखणे, अचानक अंधुक दिसणे किंवा बोलण्यात अडखळणे, डोळे पिवळे होणे. यांतले काही झाले, तर गोळी थांबवून लगेच रुग्णालय गाठावे. हे फार क्वचित होते, पण घरातल्या एका माणसाला तरी माहीत असावे.

पाळी आली नाही तर

सगळ्या गोळ्या नीट घेतल्या असतील आणि एकदा पाळी चुकली, तर नवे पाकीट ठरल्या वारी सुरू करावे. गोळ्या राहिल्या असतील किंवा लागोपाठ दोनदा पाळी आली नसेल, तर लघवीची तपासणी करावी. आशाताईंकडे त्यासाठी ‘निश्चय’ किट असते. दिवस गेलेले असले तर गोळी थांबवावी. नकळत घेतलेल्या गोळ्यांमुळे बाळाला व्यंग येते, असे आढळलेले नाही.

आठवड्याची गोळी : छाया

रोजची गोळी जमत नसेल तर ‘छाया’ आहे. लखनौच्या केंद्रीय औषध संशोधन संस्थेत तयार झालेले सेंटक्रोमन हे तिच्यातले औषध. १९९१ पासून ते ‘सहेली’ नावाने बाजारात आहे आणि २०१६ पासून ‘छाया’ नावाने सरकारी कार्यक्रमात मोफत मिळते. त्यात संप्रेरके नाहीत, आणि अंगावर पाजणारी आईही ती घेऊ शकते.

तिचा नेम वेगळा आहे. पहिली गोळी पाळीच्या पहिल्या दिवशी, दुसरी तीन दिवसांनी. पहिली रविवारी घेतली तर दुसरी बुधवारी. असे रविवार-बुधवार तीन महिने. चौथ्या महिन्यापासून फक्त रविवारी. पाळी कधीही आली तरी वार बदलायचा नाही.

तीन महिने झाल्यावरही आठवड्यातून दोनदा घेत राहणे, किंवा पहिल्याच महिन्यापासून आठवड्याला एकच घेणे, या इथल्या नेहमीच्या चुका. गोळी राहिली आणि सात दिवस झाले नसतील, तर आठवताच घ्यावी आणि पुढची पाळी येईपर्यंत निरोध वापरावा. सात दिवसांहून जास्त झाले, तर पहिल्यापासून सुरुवात. या गोळीने पाळी लांबते, पण १५ दिवसांहून जास्त लांबली तर तपासणी करून घ्यावी.

थांबवायची वेळ आणि काही गैरसमज

मूल हवे असेल तेव्हा चालू पाकीट संपवून थांबावे. गोळी थांबली की संरक्षणही लगेच संपते. बऱ्याच वर्षांच्या गोळ्यांनी पुढे मूल होत नाही, हा समज खरा नाही. ‘शरीराला विश्रांती’ म्हणून दर वर्षी दोन महिने गोळी थांबवण्याचीही गरज नसते. नको असताना दिवस जातात ते पुष्कळदा अशाच विश्रांतीत. उलट या गोळ्यांनी अंडाशयाच्या आणि गर्भाशयाच्या अस्तराच्या कर्करोगाचा धोका कमी होतो. सुरू केल्यावर तीन महिन्यांनी आणि पुढे वर्षातून एकदा रक्तदाब मात्र तपासत राहावा.

आणखी एक : गोळी एचआयव्हीपासून किंवा गुप्तरोगांपासून वाचवत नाही. त्यासाठी निरोधच लागतो.

इतके सगळे सांभाळूनही गोळ्या वारंवार चुकत असतील, तर त्यात आपला दोष मानू नये. पाळीपाळीने ड्युटी, पाकीट ठेवायला घरात जागा नसणे, अंगावरचे लहान मूल, यांत रोजची वेळ पाळणे खरोखर कठीण असते. अशा वेळी तांबी आहे, तीन महिन्यांतून एकदा घ्यायचे ‘अंतरा’ इंजेक्शन आहे, आणि पुरुषांनी वापरायची साधने तर आहेतच. नवऱ्याबरोबर बसून, गरज पडली तर दोघांनी मिळून दवाखान्यात जाऊन, आपल्या दिनक्रमात बसेल ते साधन निवडावे. आणि गोळीच निवडली, तर आज पाकिटाच्या मागे आपला वार लिहून ठेवावा.